टाचणी लागेपर्यंत थांबा

वाचकाचे पत्र: सप्रेम नमस्कार. मी ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरच्या एका मोठ्या गृहसंकुलात राहते. बँकेतून निवृत्त झाल्यावर आईने शिकवलेले टॅटिंग (शटल या छोट्या साधनावर गुंडाळलेल्या दोऱ्याने गाठी घालत केलेली लेस) पुन्हा हातात घेतले आणि दर बुधवारी दुपारी क्लब हाऊसच्या एका खोलीत लेस करणाऱ्या मैत्रिणींची बैठक सुरू केली. आम्ही दहाजणी आहोत. बहुतेकींचे काम टॅटिंगचे किंवा क्रोशाचे. कोलशेत आणि कासारवडवलीहूनही दोघी येतात. सुरुवातीला प्रत्येकीच्या हातून काही ना काही पूर्ण व्हायचे. आता मात्र सुना, पाणीकपात, बंद पडलेली लिफ्ट आणि गुडघेदुखी यांतच दुपार संपते. एक काकू वर्षभर रुमालाची तीच कड घेऊन येतात. त्यांचे यजमान गेल्या वर्षी गेले, त्यामुळे मला त्यांना काही म्हणवत नाही. ऐरोलीला नोकरी करणारी एक तरुण मुलगी बॉबिन लेस (बॉबिन नावाच्या छोट्या दांड्यांवर गुंडाळलेले अनेक दोरे उशीवर टाचण्या लावत एकमेकांत विणून केलेली लेस) घेऊन यायची. तिचे काम फार सुबक होते. दोन महिन्यांपासून तिने येणे बंद केले आहे. फोन केला तेव्हा म्हणाली, “काकू, मला तिथे मोजताच येत नाही.” म्हणून मी नियम करायचे ठरवले आहे: पहिला दीड तास कोणी बोलायचे नाही आणि जी बोलेल तिने डब्यात दहा रुपये टाकायचे. दोघीतिघींना हे मुळीच पटलेले नाही. गप्पा बंद कराव्यात की बैठकच बंद करावी, हे मला कळेनासे झाले आहे. — एक वाचक, ठाणे

उत्तर: ताई, सप्रेम नमस्कार. दोन्हींपैकी काहीच बंद करू नका, आणि दहा रुपयांचा डबा तर टेबलावर येऊच देऊ नका. काम मागे पडते आहे ही तुमची खंत मात्र अगदी खरी आहे आणि ती हलक्यात घेण्यासारखी नाही. जी बाई निवृत्तीनंतर एक कला पुन्हा हाती धरते आणि तिच्यासाठी खोली मिळवून दहाजणींना एकत्र आणते, तिला त्या खोलीत लेस व्हावी असे वाटणारच.

तुमच्या पत्रातले एक वाक्य मला फार महत्त्वाचे वाटते आणि ते त्या मुलीचे आहे. तुम्ही फार बोलता, असे ती म्हणाली नाही. मला मोजता येत नाही, असे म्हणाली. ही तक्रार कामाच्या जातीविषयी आहे. तुमच्या बैठकीत तीन वेगवेगळ्या कला एका टेबलाभोवती बसतात आणि तिघींना बोलणे सारखे सोसत नाही. हे नीट पाहिले तर कोणता नियम कोणासाठी हवा हे आपोआप उलगडत जाईल, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

क्रोशा सगळ्यांत क्षमाशील. खांब, म्हणजे उभा टाका, चुकला तर सुई काढायची, दोरा ओढायचा, हवे तितके उसवायचे आणि पुन्हा विणायचे. गप्पांच्या नादात एक ओळ वाया गेली तरी दोरा वाया जात नाही. क्रोशात बोलणे खरोखर नडते ते एकाच ठिकाणी, सुरुवातीची साखळी घालताना. टेबलक्लॉथसाठी दीडशे-दोनशे साखळ्या मोजत असताना कोणी “अहो, दूध किती वाजता येते?” असे विचारले की आकडा गेलाच. त्यावर उपायही साधा आहे: दर वीस साखळ्यांनंतर वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा छोटा तुकडा अडकवून ठेवावा. एकदा पहिली ओळ लागली की पुढे हात आपला चालतो आणि तोंड आपले.

टॅटिंगचे तुम्हाला मी काय सांगावे? तरीही ज्यांना हात बसलेला नाही त्यांच्यासाठी लिहितो. टॅटिंगची सगळी मदार गाठ उलटण्यावर असते. शटलच्या दोऱ्याने गाठ घातली तरी तो दोरा ताणून, बोटांवरचा दोरा सैल सोडून, गाठ बोटांवरच्या दोऱ्यावर गेली पाहिजे. शटलचा दोरा आत सरळ राहिला तरच रिंग, म्हणजे गाठींचे छोटे वर्तुळ, ओढून बंद होते. बोलता बोलता एक जरी अर्धी गाठ उलटायची राहिली तरी ती तिथेच घट्ट बसते, आणि हे कळते केव्हा, तर पाच गाठी, पिकॉट (नक्षीसाठी सोडलेला दोऱ्याचा छोटा फास), पाच गाठी असे सगळे पार पडून रिंग ओढायला घ्यावी तेव्हा. मग बारीक सुईने एकेक गाठ सोडवत बसायचे. बंद झालेली रिंग उघडणे तर त्याहून जिकिरीचे. म्हणजे नवशिकीला टॅटिंग करताना बोलणे महाग पडते. पण ज्यांच्या बोटांना ते उलटणे न पाहता कळते, त्यांच्यासाठी टॅटिंगइतके गप्पांना सोयीचे दुसरे काम नाही. गाठी डोळ्यांना स्पष्ट दिसतात, त्यामुळे आकडा विसरला तरी मागे मोजून घेता येतो. शटल पर्समध्ये मावते. ठाणे स्टेशनवर गाडीची वाट पाहताना चार रिंगा करून घेणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत.

बॉबिन लेसचे मात्र तसे नाही. तिथे एक सुई किंवा एक शटल नसते. उशीवर नमुन्याचा कागद लावलेला असतो आणि साध्या पट्टीलाही दहा-बारा जोड्या बॉबिन लटकत असतात. हालचाली दोनच. चार दोऱ्यांतले मधले दोन घेऊन डावा उजव्यावरून न्यायचा, हा क्रॉस. आणि प्रत्येक जोडीत उजवा डाव्यावरून न्यायचा, हा ट्विस्ट. क्रॉस-ट्विस्ट केले तर हाफ स्टिच, आणि क्रॉस-ट्विस्ट-क्रॉस केले तर क्लॉथ स्टिच, जिची वीण कापडासारखी भरीव येते. एवढ्यावर सगळा डोलारा उभा असतो. ही हालचाल सोपी आहे, पण ती अर्धी झाली असताना बोट उचलले तर क्रॉस झाला की व्हायचा आहे, हे दोऱ्यांकडे पाहून नवशिक्या माणसाला सांगता येत नाही. चूक तशीच राहिली तर ती चार ओळींनंतर दिसते. आणि तिथवर परत जायचे तर टाचण्या काढत, प्रत्येक हालचाल उलट्या क्रमाने करत जावे लागते. ही मुलगी नोकरी सांभाळून, ऐरोलीहून घोडबंदरच्या वाहतुकीतून तुमच्याकडे पोहोचत होती. मोकळ्या मिळणाऱ्या दोन तासांतला एक तास उसवण्यात गेला असेल तर तिने येणे थांबवले यात नवल नाही, आणि यात तुमचा किंवा कोणाचा अपमानही नाही.

आता यातच उपाय आहे. बॉबिन लेसमध्ये एक क्षण असा येतो की त्या वेळी सगळे दोरे आपापल्या जागी स्थिर असतात. टाका पूर्ण झाला, टाचणी लावली आणि तिच्याखाली पुढचा टाका घालून ती बंद केली, की तिथे हात थांबवता येतो. पाणी प्यावे, फोन घ्यावा, उत्तर द्यावे. परत आल्यावर टाचणीच सांगते की आपण कुठे होतो. म्हणून तुमच्या बैठकीला दीड तासाच्या मौनाची गरज नाही. जिच्या पुढ्यात उशी आहे तिच्याशी बोलायचे असेल तर तिची टाचणी लागेपर्यंत थांबायचे, एवढाच नियम पुरे. इतर नऊजणींनी आपसांत खुशाल बोलावे. आजूबाजूला चाललेल्या बोलण्याने मोजणी चुकते ती थोडीच. आपल्याला उद्देशून प्रश्न आला आणि मान वर करावी लागली की ती हमखास चुकते. त्या मुलीला बसायला टेबलाचे टोक द्या, खिडकीकडचे, म्हणजे तिच्या दोन्ही बाजूंना माणसे नसतील आणि उजेडही बरा मिळेल.

उजेडावरून एक गोष्ट आठवली, आणि ती तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी जाणारी आहे. इंग्लंडमधील बकिंगहॅमशायर, बेडफर्डशायर आणि नॉर्दम्प्टनशायर या भागांत पोटासाठी बॉबिन लेस करणाऱ्या बायका हिवाळ्याच्या संध्याकाळी एकाच मेणबत्तीभोवती जमत असत. मेणबत्तीच्या सभोवती पाण्याने भरलेले काचेचे गोल फुगे बसवत, त्यातून उजेड एकवटून प्रत्येकीच्या उशीवर पडे. ज्यांचा हात सर्वांत सफाईदार त्यांना मेणबत्तीजवळची जागा, बाकीच्यांना मागच्या रांगा. म्हणजे त्या एकत्र बसल्या त्या मुळात मेणबत्तीचा खर्च वाटून घेण्यासाठी. बोलणे मागाहून आले. त्याच भागांतल्या लेसच्या शाळांमध्ये लहान मुले काम करताना एका सुरात कवने म्हणत आणि त्या कवनांत टाचण्यांची मोजणी गुंफलेली असे. ऐकायला हे गोड वाटते, पण पाच-सहा वर्षांची मुले तासन्‌तास त्या उशांपुढे बसवली जात होती आणि कवनाचा ठेका त्यांचा वेग वाढवण्यासाठीच होता, हे विसरून चालणार नाही. १८७०च्या शिक्षण कायद्यानंतर त्या शाळा ओसरत गेल्या, हे चांगलेच झाले. सांगायचे इतकेच की हात आणि तोंड एकमेकांचे वैरी आहेत असे जुन्या लेसवाल्यांनीही कधी मानले नव्हते. त्यांनी बोलणे कामाच्या ठेक्यात बसवले.

आपल्याकडे तर हे सांगायलाच नको. जात्यावर बसलेली बाई दळताना गात होती, आणि जे घरात कोणाला सांगता येत नव्हते ते ओवीत सांगत होती. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या वाचताना जाणवते की हात गुंतलेले असले आणि नजर खाली असली की माणूस ते बोलतो जे समोरासमोर बसून बोलवत नाही.

म्हणून त्या काकूंविषयी माझे मत अगदी स्पष्ट आहे. त्यांना वर्षभर तीच कड घेऊन येऊ द्या. तुमच्या पत्रात त्यांचा उल्लेख जिथे आला आहे तिथे तुमचा संकोचही दिसतो आणि किंचित वैतागही. दोन्ही समजण्यासारखे आहेत. पण त्या काकू गप्पांचे निमित्त म्हणून कड आणत नाहीत. घरातून बाहेर पडायला एक कारण हवे असते, पिशवीत काहीतरी घेऊन निघावे लागते, आणि ती कड हे त्यांचे कारण आहे. त्यांना काम पूर्ण करण्याची आठवण कोणीही करून देऊ नये. त्यांचा वेळ सत्कारणी लागावा म्हणून त्यांच्यावर एखादी जबाबदारीही टाकू नये, कारण त्यांना ते लगेच कळेल. मात्र बॉबिन लेसचे एक काम असे आहे जे दोघींनी मिळून केले तर सोपे होते, ते म्हणजे बॉबिन भरणे. एकाच दोऱ्याची दोन टोके दोन बॉबिनवर गुंडाळून जोडी तयार करायची असते आणि अशा दहा-बारा जोड्या लागतात. त्यात मोजायचे काही नसते. ती मुलगी परत आली आणि तिने स्वतः काकूंना विचारले, तर त्या दोघींनी समोरासमोर बसून दोरा गुंडाळावा आणि हवे तितके बोलावे. हे तुम्ही जुळवून आणू नका. झाले तर होऊ द्या.

आता राहिल्या त्या सुना आणि लिफ्ट. इथे मी तुमच्याशी सहमत आहे, पण तुमच्या उपायाशी नाही. बोलण्यावर बंदी घातली की लोक बंदीविषयीच बोलतात. त्यापेक्षा बोलायला दुसरे काही द्यावे, आणि लेस करणाऱ्या बायकांना लेसइतका चांगला विषय कोणता? पहिला अर्धा तास अशीही माणसे यायचीच असतात. घोडबंदर रस्त्यावर चारचे साडेचार होतात. तेवढा वेळ एकीने घरातली एक जुनी वस्तू आणावी आणि सगळ्यांनी भिंगातून ती पाहावी. सासूबाईंच्या पेटीतला रुमाल, देवघरातले आसन, पोलक्याची झालर, पंचवीस वर्षांपूर्वी प्रवासात घेतलेला टेबलक्लॉथ, काहीही चालेल. ती कशाने केली आहे हे ओळखायचे. एकच दोरा फासात फास अडकवत गेलेला दिसला तर तो क्रोशा. आतल्या एका दोऱ्यावर मण्यांसारख्या गाठी ओळीने बसलेल्या आणि रिंगा बोटाला कडक लागल्या तर ते टॅटिंग. भरीव भागात उभे-आडवे दोरे कापडासारखे विणलेले दिसले तर ती बॉबिन लेस, आणि काजाच्या टाक्यासारखे टाके ओळीवर ओळ दिसले तर ती सुईची लेस. प्रत्येक फूल अगदी हुबेहूब दुसऱ्यासारखे असेल आणि कडेला कापलेल्या दोऱ्यांचे केस निघत असतील तर बहुधा यंत्राची. जॉन हीथकोट यांनी १८०९ साली जाळी विणणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले, त्यामुळे आजीची म्हणून जपलेली लेसही यंत्राची निघू शकते. तशी निघाली तर आणणारीचा हिरमोड होऊ नये याची काळजी घ्या. आजीने ती आवडीने लावली होती हे त्याने बदलत नाही.

या पाहणीत आपल्या देशाचाही पुष्कळ भाग येईल. ठाण्यातल्या अनेक घरांत असलेले पांढरे क्रोशाचे टेबलक्लॉथ आंध्रातल्या नरसापूर भागातून आलेले असू शकतात. तिथल्या क्रोशा लेसला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्यामागे घरी बसून नगावर मजुरी घेणाऱ्या बायकांचे श्रम आहेत, आणि आपण छंद म्हणून जे करतो ते त्यांची रोजीरोटी आहे, हे टेबलाभोवती एकदा बोलले जावे असे मला मनापासून वाटते. उशीवरची लेसही आपल्याला परकी नाही. कन्याकुमारीजवळच्या नागरकोविल येथे १८२०च्या सुमारास मिशनच्या मुलींच्या शाळेत मार्था मॉल्ट यांनी ती शिकवायला सुरुवात केली आणि त्या भागात ती पुढे टिकून राहिली. स्लोव्हेनियातील बॉबिन लेसची परंपरा २०१८ साली युनेस्कोच्या यादीत आली, तीही प्रामुख्याने घराघरांत आणि मंडळांत एकमेकींकडून शिकण्याची परंपरा म्हणून. तुमच्या टेबलाच्या टोकाशी बसणारी ती मुलगी काहीतरी विलायती खूळ घेऊन आली आहे, असे कोणाला वाटत असेल तर हे त्यांना सांगा.

एका मर्यादेविषयी मात्र आग्रह धरा. बैठक संकुलाच्या खोलीत भरते, त्यामुळे संकुलातली जी व्यक्ती समोर नाही तिच्याविषयी तिथे चर्चा नको. हे तुम्ही यजमान म्हणून, सगळ्यांसमोर, एकदाच आणि शांतपणे सांगा. स्वतःच्या घरातले दुःख कोणी बोलले तर तो निराळा विषय आहे.

त्या मुलीला संदेश पाठवू नका. फोन करा. परत ये, असे म्हणण्याआधी तिला विचारा की ती सध्या कोणता नमुना करते आहे, आणि तुम्हाला ती उशी पाहायला मिळेल का. शक्य असेल तर तुम्हीच तिच्या सोयीच्या वेळी ऐरोलीला जा. क्रॉस आणि ट्विस्ट तिच्याकडून शिकून घ्या, चार इंच तरी करून पाहा. तुमच्या हाताला टॅटिंग येते, तेव्हा तुम्हाला वेळ लागणार नाही, आणि मोजता मोजता कोणी हाक मारली की काय होते ते तुमच्या बोटांना कळेल. मग टाचणीचा नियम बैठकीत मांडताना तो कुणाची बाजू घेऊन नव्हे तर अनुभवाने मांडता येईल. तो तुम्हीच मांडा. तिला स्वतःसाठी सवलत मागायला लावू नका.

आणि जाताना तिच्यासाठी पितळी किंवा स्टेनलेस स्टीलच्या बारीक टाचण्यांची डबी घेऊन जा. साध्या लोखंडी टाचण्या आपल्याकडच्या पावसाळ्यात उशीतच गंजतात आणि पांढऱ्या दोऱ्यावर पडलेला गंजाचा डाग सहजासहजी निघत नाही. जांभळी नाक्याच्या बाजारात शिवणकामाच्या सामानाच्या दुकानांत विचारा. लोहचुंबक सोबत ठेवा, कारण वरून पितळेचा मुलामा दिलेल्या लोखंडी टाचण्याही पितळी म्हणून दिल्या जातात, आणि त्या चुंबकाला लगेच चिकटतात.